‘मणक्यात गॅप’ आणि तो व्हॉट्सॲप मेसेज

‘मणक्यात गॅप? ऑपरेशन कराल तर अंथरुणाला खिळाल!’ हा मेसेज आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि दुसऱ्याच दिवशी तीन पेशंटनी तो मला दाखवला. त्यात पाच सल्ले आहेत: लगेच एमआरआय काढा, तीन आठवडे जमिनीवर झोपून राहा, जाणकाराकडून गादी जागेवर बसवून घ्या, ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका, आणि पाय बधिर झाला तर घाबरू नका, नस मोकळी होतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शेवटचा सल्ला वाचल्यावर गप्प बसवेना.

गादी बसवण्यापासून सुरुवात करते. लोक ज्याला ‘मणक्यात गॅप’ म्हणतात, तो बहुतेकदा दोन मणक्यांमधल्या गादीचा, म्हणजे डिस्कचा त्रास असतो. मुळात ही गादी जागेवरून सरकतच नाही. तिचं बाहेरचं कडं चिवट असतं, आत मऊ गर असतो. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर दाब पडतो. बहुतेकदा हे कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत होतं, म्हणून कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत जाते. बाहेर आलेला गर झटका देऊन आत ढकलता येत नाही. शरीरच तो हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा तुकडा बऱ्याचदा जास्त शोषला जातो. नस दबलेली असताना कमरेला पीळ देऊन घेणं धोक्याचं आहे.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. पायातली ताकद कमी झाली असेल, सहा आठवड्यांत उतार नसेल, किंवा ताप, कॅन्सर असं काही मागे असेल, तर एमआरआय हवाच.

तीन आठवडे झोपून राहू नका. पहिले एक-दोन दिवस ठीक, नंतर घरातल्या घरात चालायला लागा. फार वेळ बसू नका, वाकून वजन उचलू नका, स्पीडब्रेकरवरून गाडी हाणणं काही दिवस बंद ठेवा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं आणि बेताबेताने वाढवलेला व्यायाम यांवर बहुतेकांचं पायातलं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत उतरतं.

आता ऑपरेशन. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पायात तीव्र कळ असलेल्यांचे दोन गट केले होते: एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने ऑपरेशनविना थांबून पाहायचं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं लवकर थांबलं. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. मात्र ऑपरेशनविना थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. म्हणजे घाई नको आणि धास्तीही नको. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली नसांचा जुडगा असतो. सगळ्यात खालच्या गाद्यांचं ऑपरेशन मज्जारज्जूच्या खाली होतं. जंतुसंसर्ग, गादी पुन्हा फाटणं हे धोके खरे आहेत, पण ‘अंथरुणाला खिळाल’ ही निव्वळ भीती घालणं आहे.

राहिला बधिरपणा. दुखणं कमी होऊन पाय बधिर आणि कमजोर होत असेल, तर ती नस हरत असल्याची खूण आहे. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे तासांचा हिशेब असतो.

मागे हडपसरहून चाळिशीतले एक गृहस्थ आले होते. “मॅडम, दुखायचं थांबलंय, फक्त उजवी चप्पल पायातून निसटते.” त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. डावा पंजा वर राहिला. उजवा प्रत्येक पावलाला फरशीवर थप्पकन आपटत होता. बधिरपणा ही चांगली खूण आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते तीन आठवडे थांबले होते. त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशन झालं, ते कामावर जातात. उजव्या पायात मात्र अजून पट्ट्याची सँडलच घालावी लागते.