पाच मिनिटांत फुल्ल, म्हणे!

दर दोन महिन्यांनी तीच बातमी: नवी बॅटरी आली, गाडी पाच मिनिटांत फुल्ल, पेट्रोल पंपांना टाळं लागणार! अहो, गुणाकार तरी करा. ६० युनिटची बॅटरी पाच मिनिटांत भरायला ७२० किलोवॅट लागतात. सोसायटीचा ६३० केव्हीएचा, म्हणजे फार तर ६३० किलोवॅट देणारा ट्रान्सफॉर्मर एकाच गाडीत आडवा! घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून मिळतात जेमतेम साडेतीन किलोवॅट. म्हणजे सतरा-अठरा तास.

आणि चाचणी बहुतेकदा कशावर? शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर! मोठ्या सेलमधली उष्णता बाहेर काढता काढता नाकी नऊ येतात. थंडीत घाईनं करंट ढकलला की लिथियम ॲनोडच्या (सेलच्या ऋण टोकाच्या) आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं. क्षमता घटते, कधी आतल्या आत शॉर्ट. ८० टक्क्यांनंतर चार्जर हात आखडता घेतो तो उगाच नाही. बातमीत मात्र शून्य ते शंभर, एका दमात!