दोन औषधं एकत्र चालू असतील तर

प्रौढपणी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, विसराळूपणा, उतावळेपणा) निदान झालं की त्याचं औषध घ्या, डिप्रेशन आपोआप ओसरेल, असं एका लेखात म्हटलंय. इतकं सोपं नसतं. डिप्रेशन तीव्र असेल तर डॉक्टर सहसा आधी त्याकडे बघतात.

खरी गोम दोन्ही औषधं एकत्र आली की कळते. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं औषध यकृतात सीवायपी२डी६ या एन्झाइमने मोडतं. फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, बुप्रोपिऑन ही डिप्रेशनची औषधं नेमकं तेच एन्झाइम अडवतात. मग ४० मिलिग्रॅमची कॅप्सूलही रक्तात कितीतरी जास्त साठते: तोंडाला कोरड, मळमळ, धडधड, लघवीला त्रास. माणूस म्हणतो 'मला हे झेपत नाही' आणि परस्पर बंद करतो. अशा जोडीत ४० वर ४ आठवडे थांबून, फरक नसेल तरच ८० चा विचार होतो. म्हणून चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंच डॉक्टरांपुढे ठेवा. नावं आठवत बसू नका.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं दुसरं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच अपॉइंटमेंट घ्या. (विसरण्याचाच आजार, आणि औषधासाठी हा सगळा खटाटोप!)