फ्यूजमध्ये चांदी गुंडाळायचा सल्ला देणाऱ्या मेसेजबद्दल

परवा वाईहून मामांचा फोन. त्यांची १९६९ ची फियाट ११००डी आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, आणि रात्री पसरणी घाटात उजेड पुरत नाही ही तक्रार वर्षभर चालू होती. "ग्रुपवर उपाय आलाय, उद्याच करून घेतो" म्हणाले. मेसेज मागवून वाचला आणि आधी त्यांना सांगितलं, मामा, मी येईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका कोणाला.

मेसेज थोडक्यात असा: जुन्या गाडीचा हेडलाइट मंद असेल तर १००/९० चा बल्ब (अप्परला १०० वॅट, डिपरला ९०) टाका, फ्यूज उडायला लागला तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावू नका बॅटरी खातो, अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट, बॉडीतून मिळतंच, आणि एवढं नको असेल तर सरळ एलईडी.

चांदीचंच आधी बोलतो कारण यात माणूस जाऊ शकतो. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो हो, वायर वाचवायला असतो! मामांच्या गाडीत ते चिनी मातीचे ८ अँपिअरचे फ्यूज आहेत. १०० वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला ८.३ अँपिअर ओढतो, म्हणजे फ्यूजच्या मर्यादेबाहेर, आणि तो उडतोय तेच बरोबर आहे. त्या काळच्या अशा हेडलाइटना ४५/४० वॅटचे बल्ब असायचे, वायर आणि स्विच त्या हिशोबाचे. ४५ चे १०० वॅट केले की करंट सव्वादोनपट होतो, पण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पाचपट. ५५ वर्षांचं कडक झालेलं, तडकलेलं इन्सुलेशन, डॅशबोर्डच्या मागे सगळ्या वायरी एकत्र बांधलेल्या, आणि त्यात चांदी घातली की वायर तापून लाल झाली तरी मधे तुटणारं काहीच राहत नाही. आग लागते ती तुमच्या गुडघ्यांच्या वर लागते, तेही घाटात, अंधारात. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी जळलेला फ्यूजबॉक्स बघायला हवा होता.

आता बल्ब. बल्ब कमजोर आहे हे ठरवलं कोणी? मी रविवारी मल्टिमीटर घेऊन गेलो. मामांच्या गाडीत कोणीतरी पूर्वीच एच-फोरचे (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये असलेला हॅलोजन प्रकार) रिफ्लेक्टर आणि ६०/५५ चे बल्ब बसवलेत. इंजिन रेस ठेवून, डिपर चालू करून मोजलं तर बॅटरीवर १३.४ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर १०.९. अडीच व्होल्ट वाटेतच गेले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. ३७ मध्ये एच-फोर बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर धरलाय, अप्परला १६५० ल्युमेन आणि डिपरला १०००, थोडं कमी-जास्त. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणून १०.९ वर उरतो जेमतेम निम्मा. त्याच वायरिंगवर १०० वॅटचा बल्ब लावा, करंट वाढला की वाटेत आणखी व्होल्ट जातील.

आणि हे व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या सप्लायच्या पिनेवर, लाइट चालू ठेवूनच: १.८. मायनस ते बल्बची अर्थ: ०.७. म्हणजे "अर्थिंग मिळतंच" हेही खोटं. अर्थची वायर जोडलेल्या मडगार्डच्या बोल्टखाली रंग आणि गंज होता, घासून नवीन लग (वायरीच्या टोकाची कडी) लावला तर ०.७ चा ०.१ झाला, खर्च शून्य म्हटला तरी चालेल.

उरलेले १.८ जुन्या स्विचच्या आणि डिपर-स्विचच्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये जात होते, त्याला रिलेच हवा. पुण्याच्या नाना पेठेतून दोन आणले, अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज प्रत्येकी, तिथून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर, ८७ वरून बल्बला, जुनी वायर फक्त ८६ वर आणि ८५ अर्थला. जुन्या स्विचमधून आता रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो पाव अँपिअरही नाही आणि लाइट बंद केला की तोही बंद. बॅटरी खातो म्हणे!

एलईडीचं एक मान्य करावं लागेल, करंट कमी लागतो आणि मामांसारख्या डायनमोच्या गाडीत, जिथे आयडलला चार्जिंग जवळपास होतच नाही, तिथे ते खरंच आकर्षक वाटतं. पण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, स्वस्त एलईडीच्या चिप त्या जागी बसत नाहीत, मग उजेड रस्त्यावर कमी आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जास्त. घाटात समोरचा आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येणार ना.

मामांच्या गाडीत बल्ब तेच जुने ६०/५५ आहेत. आता पिनांवर १३.० येतात. काल रात्री ते पाचगणीला जाऊन आले आणि घरी पोचल्यावर फोन केला, वळणावरचे पांढरे दगड लांबून दिसले म्हणाले. तो मेसेज त्यांनी ज्या तिघांना पुढे पाठवला होता त्यांना आता हे पाठवतायत.