यशाबद्दल विचारायचे नाही, पैशाबद्दल बोलायचे नाही, मग मित्र कशासाठी?

आज सकाळी आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एक संदेश काढून टाकला गेला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. आमच्यातल्याच एकाचा व्यवसायातील कामगिरीबद्दल सत्कार झाला होता. त्याच्या भाषणाचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि अभिनंदनाचा वर्षाव सुरू झाला. तो व्हायलाच हवा होता, कारण त्याने खरोखरच मोठे काम केले आहे. भाषणात तो म्हणाला की, कोणाच्याही आधाराशिवाय, केवळ जिद्दीच्या बळावर आपण हे सारे उभे केले. त्यावर आमच्या गणित शिकवणाऱ्या मित्राने तोंड भरून अभिनंदन केले आणि खाली एकच वाक्य जोडले: सुरुवातीची कित्येक वर्षे घर वहिनींच्या पगारावर चालले होते, त्याचा उल्लेख झाला असता तर अधिक आनंद वाटला असता. थोड्याच वेळात ते वाक्य अभिनंदनासकट नाहीसे झाले. पाठोपाठ अ‍ॅडमिनची सूचना आली की, आनंदाच्या प्रसंगी नकारात्मक बोलू नये, हा ग्रुप चांगल्या गोष्टींसाठी आहे. त्या सूचनेखाली अंगठ्यांची रांग लागली.

एका बाईने वर्षानुवर्षे नोकरी करून घर चालवले, मुलांच्या फिया भरल्या आणि नवऱ्याला तोटा सोसण्याची मुभा मिळवून दिली, ही गोष्ट नकारात्मक कधीपासून झाली? मला तर त्या भाषणात सर्वांत अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट हीच वाटली असती. ती सांगितल्याने त्याचे काम तसूभरही लहान झाले नसते. तरीही ज्याने ती आठवण करून दिली तोच खोडसाळ ठरला आणि ज्यांनी त्याचे तोंड बंद केले ते सुसंस्कृत ठरले. हे मी येथे लिहीत आहे, कारण तेथे लिहिले असते तर तेही पुसले गेले असते, आणि तुमच्यापैकी बरेच जण दोन्हीकडे आहात.

आमच्या या गणितवाल्या मित्राचे प्रश्न मला नवे नाहीत. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे एका मैत्रिणीकडे जमलो होतो आणि रात्री उशिरा बोलणे फिरत फिरत व्यवसायावर आले. आमच्यातील दुसरा एक मित्र आणि एक मैत्रीण यांनी साधारण एकाच सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, छपाईचा व्यवसाय सुरू केला होता. त्याचा वाढला. तिचा दुसऱ्याच वर्षी बंद पडला आणि तिने नोकरी धरली. पुढे आमच्या बोलण्यात या दोघांची उदाहरणे ठरूनच गेली होती. चिकाटी म्हटले की तो, आणि धीर सुटला म्हटले की, तिचे नाव न घेता, ती. त्या रात्रीही तो जोखीम पत्करण्याविषयी बोलत होता आणि ती खाली मान घालून ऐकत होती. तेव्हा गणितवाल्या मित्राने अगदी शांतपणे विचारले, "दुसऱ्या वर्षी तुलाही तोटा झाला होता ना? मग कामगारांचे पगार कुठून दिलेस?"

दोघातिघांनी लगेच विषय बदलण्याचा प्रयत्न केला. कोणीतरी उठून पाणी आणायला गेले. प्रश्न विचारणारा मात्र थांबून राहिला. व्यावसायिक मित्राने मनगटावरचे घड्याळ काढून हातात घेतले आणि पट्ट्याचे बक्कल तो कितीतरी वेळ लावत आणि काढत राहिला. मग म्हणाला, "दादाने घर गहाण ठेवले होते." आमची इतक्या वर्षांची मैत्री, पण ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती.

आता मला कोणीतरी सांगावे की हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे होते. आज ग्रुपवर ज्यांनी अंगठे दाखवले त्यांतले निम्मे लोक त्या रात्री त्याच खोलीत बसलेले होते आणि तो प्रश्न नसता तर काय झाले असते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मैत्रिणीने आयुष्यभर स्वतःला कमी लेखले असते आणि आपण सगळ्यांनी, प्रेमाने आणि काळजीच्या सुरात, तिला तसे करू दिले असते.

यश हे आपण चारित्र्याचे प्रमाणपत्र करून टाकले आहे, आणि माझा खरा राग त्यावर आहे. ज्याला यश मिळाले तो आपोआप कष्टाळू, दूरदर्शी आणि धाडसी ठरतो. ज्याला मिळाले नाही त्याच्या स्वभावात आपण उणिवा शोधत बसतो, आणि शोधल्या की त्या सापडतातच, कारण उणिवा सगळ्यांतच असतात. कष्ट दोघांनीही केले होते. एकाच्या पाठीशी गहाण ठेवण्याजोगे घर असलेला भाऊ होता आणि दुसरीच्या पाठीशी कोणीही नव्हते. कष्टांना काही किंमतच नाही असे मी म्हणत नाही. भावाने घर गहाण टाकूनही ज्यांना पुढे काही जमले नाही अशी माणसेही आहेत, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या मित्राची गोष्ट सांगताना आपण तिच्यातला अर्धा भाग कायमचा कापून टाकणार असू, तर ती गोष्ट ऐकून निर्णय घेणाऱ्या पुढच्या माणसाची आपण फसवणूक करतो.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये केलेले प्रयोग तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. एका रेषेच्या लांबीची दुसरी रेषा तीन रेषांतून ओळखायची, इतके सोपे काम होते. खोलीतील बाकीची माणसे मात्र प्रयोगकर्त्यांनी आधीच पढवून ठेवलेली होती आणि ती एकमुखाने चुकीचे उत्तर देत असत. अशा वेळी खऱ्या सहभागींनी सुमारे एक तृतीयांश वेळा, डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, इतरांच्या चुकीच्या उत्तराला होकार दिला. मला त्या प्रयोगांतला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या खोलीत खरे उत्तर देणारा केवळ एक माणूस ठेवला की चुकीला मान डोलावण्याचे प्रमाण एकदम खाली येत असे. प्रत्येक मित्रमंडळात असा एखादा माणूस असतो. आमच्या ग्रुपने आज त्याचेच वाक्य पुसले.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरला आहे, कारण त्या रात्री पुढे काय झाले ते पुन्हा आठवले. दादाच्या घराची गोष्ट ऐकल्यावर ती मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग तिने त्याच्याकडेच पाहत म्हटले, "मला इतकी वर्षे वाटत होते की माझ्यातच काहीतरी कमी आहे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तो काहीच बोलला नाही, उठून तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि मग ते दोघे त्या दुसऱ्या वर्षाविषयी बोलू लागले: कागदाचे भाव कसे चढले होते, कोणत्या गिऱ्हाइकाने कोणाचे पैसे थकवले होते, रात्री झोप कशी लागत नव्हती. एकच वर्ष दोघांनी एकट्याने काढले होते आणि त्याविषयी ते पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. तुम्ही ज्याला नकारात्मकता म्हणता, त्यातून मी हे घडताना पाहिले आहे.

आपल्याकडे मित्रांच्या वादांची उदाहरणे निघाली की टिळक आणि आगरकर आठवतातच. डेक्कन कॉलेजात असताना दोघांनी रात्र रात्र चर्चा केल्या, त्यांतून न्यू इंग्लिश स्कूल आणि केसरी यांची कामे अंगावर घेतली, आणि १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते. पुढे राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, यावरून त्यांचे पटेनासे झाले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी सुधारक हे साप्ताहिक सुरू केले. लोक एवढेच सांगतात आणि थांबतात. पैशाचा वादही तेथे होता, हे क्वचितच सांगितले जाते. त्यांनीच सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वेतन किती घ्यावे आणि बाहेरची कमाई करावी की करू नये, या प्रश्नांवरही तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. ध्येयासाठी जगणाऱ्या माणसाला संसार चालवण्याइतके पैसे हवेत, तर ते किती हवेत, हा प्रश्न त्यांनी उघडपणे आणि कडाडून लढवला. वादापायी मैत्री दुरावली, असे तुम्ही म्हणाल, आणि ते नाकारता येणार नाही. पण १८९५ मध्ये आगरकर वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले तेव्हा केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिणारे टिळकच होते. एकमेकांचे विचार इतके गांभीर्याने घेणारे मित्र मिळणे हे भाग्य आहे, असे मी मानते, मग त्याची किंमत मोजावी लागली तरी.

आपण मात्र पैशाबद्दल तोंडच उघडत नाही. आपण एकमेकांना आजारपणे सांगतो, घटस्फोट सांगतो, मुलांचे प्रश्न सांगतो, आणि कर्ज तेवढे लपवतो. वारसा त्याहून अधिक लपवतो. एखाद्याने मोठे घर घेतले की बाकीचे मनातल्या मनात हिशेब मांडतात, आपण कुठे कमी पडलो याची रुखरुख लावून घेतात आणि झेपणार नाही असा हप्ता स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतात. त्या घराची निम्मी रक्कम आईवडिलांनी दिली होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. यात कोणाचा मान राखला जातो? मला याची मनस्वी चीड येते. न बोलल्यामुळे मैत्री टिकते असा आपला समज आहे, आणि त्या समजापायी आपले मित्र आपल्या डोळ्यांदेखत कर्जात बुडतात.

आणि मग हीच मंडळी म्हणतात की पैशाने सुख मिळत नाही. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीस काही उरत नाही त्याच्यासमोर हे वाक्य उच्चारणे मला निष्ठुरपणाचे वाटते. या प्रश्नावर नोबेल मिळवलेल्या माणसांनीही स्वतःला पुन्हा तपासून घेतले आहे. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये म्हटले होते की, अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढले तरी रोजच्या जगण्यातला आनंद वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांचा २०२१ मधील निष्कर्ष याच्या नेमका उलट होता. पुढे कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून सोबत घेतले, एकत्र बसून तीच माहिती पुन्हा तपासली आणि २०२३ मध्ये तिघांच्या नावाने निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. जे मुळातच फार दुःखी आहेत, त्यांचा आनंद मात्र एका मर्यादेनंतर पैशाने वाढत नाही. कानमन तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. त्यांना गप्प राहता आले असते, समोरच्याचे म्हणणे नकारात्मक म्हणून झटकून टाकता आले असते. परक्या माणसांना हे जमत असेल, तर वीस वर्षे एकमेकांच्या सुखदुःखात वावरलेल्या आपल्याला का जमू नये?

सत्काराचा दिवस ही अशा गोष्टीसाठी योग्य वेळ नव्हती, हे मी मान्य करते. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि तो वाटतो त्याहून कठोर लागतो, हेही खरे. प्रश्नाच्या आडून मत्सर ओकणारी माणसे मीही पाहिली आहेत. पण आपला हा मित्र त्यांतला नाही, हे ग्रुपमधला प्रत्येक जण जाणतो. त्या रात्रीनंतर आमचा व्यावसायिक मित्र जेथे जेथे नव्या मुलांसमोर बोलायला जातो, तेथे सुरुवातच दादाच्या घरापासून करतो. मी स्वतः दोनदा ऐकले आहे. समोरची मुले त्यानंतर त्याला कर्ज, तारण, थकलेली बिले यांविषयी खरेखुरे प्रश्न विचारतात, आणि त्याच्याविषयीचा त्यांचा आदर मला तरी कोठे कमी झालेला दिसला नाही.

ग्रुप सोडून जाण्याचा माझा विचार नाही आणि अ‍ॅडमिनशी भांडण्याचाही नाही. तो भला माणूस आहे, कोणाचे मन दुखू नये एवढ्यासाठीच त्याने ते केले असणार. पण महिनाअखेरीस आपण सगळे भेटणार आहोत तेव्हा जुन्या आठवणी आणि मुलांचे गुण यांवर संध्याकाळ संपवायला माझी तयारी नाही. तेव्हा प्रत्येकाने, आपण आज जेथे आहोत तेथपर्यंत येण्यासाठी कोणाचे पैसे, कोणाचा वेळ आणि कोणाची नोकरी कामी आली, ते सांगावे, असे मला वाटते. सुरुवात मी करते. माझ्या पहिल्या घरासाठी भरलेली रक्कम आईच्या निवृत्तीच्या पैशांतून आली होती. मी नोकरी सोडून शिकत होते तेव्हा धाकट्या बहिणीने स्वतःचे पुढचे शिक्षण लांबणीवर टाकले होते, आणि तिचे ते शिक्षण आजतागायत पूर्ण झालेले नाही. हे मी तुमच्यापैकी कोणालाही आजवर सांगितलेले नव्हते, आणि तुम्हीही कधी विचारले नव्हते. माझ्यानंतर कोण बोलणार ते खाली लिहून ठेवा.