दुधाचे दात ‘पडायचेच असतात’, म्हणून किडू द्यायचे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: दुधाचे दात पडायचेच असतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका, कीड साखरेने लागते, गुळाने नाही, बाळ बाटली तोंडात धरून झोपलं तर झोपू द्या, पेस्ट म्हणजे विष, किडके दात घराण्यातच असतात, आणि दाढ दुखलीच तर रिंगणीच्या (एक काटेरी रानझुडूप) बियांची धुरी द्या, किडे पडतात. लहान मुलांचे दात बघण्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पडायचेच असतात हे खरं, पण कधी? पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर हलतात; मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तीन वर्षांच्या पोराची दाढ किडली तर पुढची सात-आठ वर्षं त्याने भाकरी कशाने चावायची? दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पटकन पोचते. मग पू, गालावर सूज, रात्रभर रड. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाटच उरत नाही.

गुळाचं म्हणाल, तर गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. संशोधक क्लार्क यांनी 1924 साली किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू वेगळा काढला. त्याला ती साखर उसाच्या कुठल्या पदार्थातून आली याच्याशी देणंघेणं नाही. तो तिचं आम्ल करतो, आणि दातावरचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते सावरते, पण तिला वेळ द्यावा लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणात दोन मोदक खाऊन चूळ भरलेली परवडते. जत्रेतलं खाजं किंवा आंबापोळीचा तुकडा दुपारभर चघळत बसणं नाही परवडत. आंबापोळी, फणसपोळी दाढेच्या खाचांत चिकटून राहतात, चूळ भरून निघत नाहीत.

बाटलीच्या मुद्द्यावर मला खरंच राग येतो. झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. बाळाचा वरचा ओठ उचलून बघा: हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू झालीय. तेवढ्यावर ती परतवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर नाही. अंगावरचं दूध तोडा असं मी मुळीच म्हणत नाही. दात आल्यावर रात्री झोपण्याआधी ते घासा, एवढंच.

पेस्ट विष? बेताने वापरली तर नाही. किमान 1000 पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) फ्लोराइडची, म्हणजे दाताचं कवच बळकट करणाऱ्या क्षाराची पेस्ट, तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्या माणसाच्या हातात. ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नका. मशेरी मात्र मुलाच्या तोंडात कधीच नको, ती तंबाखू आहे.

घराण्याबद्दल बोलायचं तर पिढ्यान्‌पिढ्या बऱ्याच अंशी पुढे जातात ते जीवाणू आणि सवयी. आजी भात चावून भरवते, आई तोच चमचा चाटून बाळाच्या तोंडात घालते, त्यातून लाळ जाते. आईने आणि आजीने आपल्या किडक्या दाढांत आधी सिमेंट भरून घ्यावं.

आता धुरी. दाढेत किडा नसतो. जीवाणू डोळ्यांना दिसतच नाहीत. धुरी देताना तोंडाखाली धरलेल्या वाटीतल्या पाण्यात पांढरे ‘किडे’ दिसतात ते तापलेल्या बियांतून निघालेले त्यांचेच कोवळे अंकुर. त्यात पोराचं तोंड भाजतं आणि उपचार लांबतो. खड्डा पडलेल्या पण न दुखणाऱ्या दाताला आता डॉक्टर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या चांदी आणि फ्लोराइड असलेल्या औषधाचा थेंब लावतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. किडलेला भाग काळा पडतो, हे मी पालकांना आधीच सांगते; पण बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते.