लोखंडी लांडगा आणि राद्झिविलांची वंशावळ

पूर्व युरोपातल्या सरदार घराण्यांचा विषय निघाला की राद्झिविलांबद्दलचा एक ठरीव मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: हे पोलंडचं प्राचीन राजवंशीय घराणं. मूळ पुरुष लिज्देइका, म्हणजे लिथुआनियाचा मुख्य पुरोहित, त्याच्याच सल्ल्याने विल्नियस शहर वसलं. घराण्यातले सगळे जन्मजात 'प्रिन्स'. आणि त्यांचं नशीब फळफळलं ते घरातली सुंदर मुलगी बार्बरा राजाच्या मनात भरली म्हणून.

पोलिश माणूस या नावाचा उच्चार साधारण 'राजीविऊ' असा करतो. मराठी कानाला त्यात राजा ऐकू आला तर दोष कानाचा नाही. पण वरच्या मजकुरातलं एकेक वाक्य उचलून पाहिलं तर राजा कुठेच सापडत नाही. सापडतो तो शिक्का, सापडतात हुद्दे आणि लग्नाचे करार. मला हे राद्झिविल त्या दंतकथेतल्या राद्झिविलांपेक्षा जास्त रंगतदार वाटतात.

आधी पुरोहिताची गोष्ट, कारण ती सगळ्यात लाडकी आहे. ग्रँड ड्यूक, म्हणजे लिथुआनियाचा सत्ताधीश, गेदिमिनास शिकारीला गेला, विल्निया आणि नेरिस या नद्यांच्या संगमाजवळ मुक्कामाला राहिला. रात्री स्वप्नात टेकडीवर एक लोखंडी लांडगा दिसला, शंभर लांडगे एकदम रडावेत तसा तो रडत होता. सकाळी लिज्देइकाने अर्थ लावला: इथे शहर वसव, त्याची कीर्ती जगभर जाईल. हा लिज्देइका म्हणे तान्हा असताना गरुडाच्या घरट्यात सापडला होता. लिथुआनियन भाषेत 'लिज्दास' म्हणजे घरटंच. पुढची जोड अशी की विल्नियसबद्दल सल्ला दिला म्हणून वंशजांचं नाव पडलं राद्झिविल: पोलिशमध्ये 'राद्झी' म्हणजे सल्ला देतो आणि 'विल्नो' म्हणजे विल्नियस.

गोष्ट सुरेख आहे, पण तिचं वय तपासावं लागतं. विल्नियसचा पहिला लेखी उल्लेख गेदिमिनासच्याच 1323 च्या पत्रात आहे. त्या वर्षीच्या त्याच्या पत्रांत जर्मन शहरांतल्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना या म्हणून आमंत्रण आहे, सवलतींची आश्वासनं आहेत. लांडगा नाही आणि पुरोहितही नाही. ते दोघे आपल्याला भेटतात 16व्या शतकातल्या इतिवृत्तांत, म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी, जेव्हा राद्झिविल सत्तेच्या शिखराकडे निघालेले होते. बखरी वाचणाऱ्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. घराणं आधी मोठं होतं, पूर्वज मागाहून मोठे होतात.

नावाची फोड तर सरळ उलटी आहे. पोलिश शब्दांनी लिथुआनियन नाव सोडवायला निघालं की असं होतं. मूळ नाव राद्विला. जुन्या लिथुआनियन पद्धतीचं हे दोन धातूंचं नाव आहे. 'राद' म्हणजे सापडणं आणि 'विल' म्हणजे आशा. ते आडनावही नव्हतं, एका माणसाचं पाळण्यातलं नाव होतं.

कागदांचा हात धरून मागे गेलं तर भक्कम पाय टेकतो तो क्रिस्तिनास अस्तिकासपाशी. पोलिश लोक त्याला ऑश्चिक म्हणतात. हा लिथुआनियन बोयार, म्हणजे ड्यूकच्या दरबारातला जमीनदार सरदार. 1413 मध्ये होरोद्वो इथे पोलंड आणि लिथुआनियाचा करार झाला, तेव्हा पोलिश घराण्यांनी 47 लिथुआनियन बोयारांना आपापली कुलचिन्हं वापरायला दिली. अस्तिकासच्या वाट्याला आलं 'त्रोंबी', तीन काळी शिंगं. राद्झिविलांची म्हणून आज जी शिंगं दाखवतात ती त्या दिवशी दुसऱ्याच्या घरातून मिळालेली. या करारात एक मेख होती: मोठे हुद्दे फक्त कॅथलिक आणि कुलचिन्हधारी बोयारांनाच. म्हणजे ते चिन्ह शोभेचं नव्हतं, नोकरीचा परवाना होता. अस्तिकास पुढे विल्नियसचा कस्तलान झाला, आपल्या भाषेत किल्लेदार म्हणू.

त्याचा मुलगा राद्विला. तो 1477 मध्ये वारला तेव्हा तोही त्याच पदावर होता. त्याच्या मुलानातवंडांनी बापाचं, आजोबाचं नाव आडनाव म्हणून लावलं आणि राद्झिविल घराणं जन्माला आलं. अस्तिकासची इतर मुलं ऑश्चिकच राहिली. त्याच ऑश्चिकांपैकी एकाचं, ग्झेगोश ऑश्चिकचं, मॉस्कोशी संधान बांधल्याच्या आरोपावरून 1580 मध्ये विल्नियसला मुंडकं उडवलं. एकाच आजोबाची नातवंडं-पतवंडं; रक्त सारखंच, पण दैव सारखं नाही. रक्तामुळे मोठेपण येतं असं म्हणणाऱ्यांनी या चुलत शाखेकडेही एकदा पाहावं.

दुसरं वाक्य: 'जन्मजात प्रिन्स'. इथे तर तारखाच हातात आहेत. लिथुआनियात खरे प्रिन्स होते, गेदिमिनासच्या वंशातले किंवा जुन्या रुथेनियन राजांच्या वंशातले. राद्झिविल त्यांत नव्हते. राद्विलाचा मुलगा मिकोवाय 1492 पासून विल्नियसचा वोयेवोदा (सुभेदार) आणि ग्रँड डचीचा, म्हणजे ग्रँड ड्यूकच्या राज्याचा, चान्सलर (मुख्य मंत्री) होता, पण प्रिन्स नव्हता. तो 1509 मध्ये वारल्यावर पुढच्याच वर्षी ही दोन्ही पदं त्याच्या मुलाकडे गेली. मुलाचं नावही मिकोवाय. (या घराण्यात मिकोवाय इतके की नंतर आकडे लावावे लागले.) या दुसऱ्या मिकोवायला 1518 मध्ये पवित्र रोमन सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनने प्रिन्स ही पदवी दिली. सम्राट परका, पदवी परकी आणि ती ज्या जहागिरीच्या नावाने मिळाली ते गोन्योंद्झही वडिलोपार्जित नव्हे. मिखाइल ग्लिन्स्कीने 1508 मध्ये बंड केलं, त्याची जप्त झालेली मालमत्ता राजाने राद्झिविलांना दिली होती. ही शाखा 1542 मध्ये पुरुष वारसाविना संपली आणि तिच्याबरोबर पदवीही.

मग 1547 मध्ये दुसरा प्रयत्न. या वेळी सम्राट पाचवा चार्ल्स आणि पदवी घेणारे तिघे: मिकोवाय 'काळा', त्याचा भाऊ यान आणि चुलतभाऊ मिकोवाय 'तांबडा'. ही दाढीकेसांच्या रंगावरून पडलेली नावं आहेत, इतिहासकारही तीच वापरतात. पहिल्या दोघांना ओलिका आणि नेस्विझची पदवी, तांबड्याला बिर्झाई आणि दुबिंगियाईची. आजचे सगळे 'प्रिन्स राद्झिविल' या 1547 च्या कागदाचे ऋणी आहेत. सम्राटाच्या पदवीबरोबर कुलचिन्हाला काळा गरुड मिळाला, तीन शिंगं त्याच्या छातीवर गेली. लिज्देइका नेमका गरुडाच्याच घरट्यात का सापडावा, याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधून ठेवला आहे.

परकी पदवी आणायची वेळ का आली, हेही सांगायला हवं. पोलिश श्लाख्ता, म्हणजे तिथला सरदारवर्ग, आपण सगळे एका पातळीचे असं मानायचा. त्यांची म्हणच आहे की आपल्या वाडीतला श्लाख्तिच वोयेवोदाच्या बरोबरीचा. राजाने कुणाला नवी पदवी देऊन वर चढवावं हे त्यांना खपत नसे. 1569 च्या ल्यूब्लिनच्या करारात, म्हणजे पोलंड आणि लिथुआनियाच्या एकीकरणात, लिथुआनियाकडच्या जुन्या प्रिन्सांच्या पदव्या चालू राहिल्या आणि राद्झिविलांची नवीकोरी पदवी त्या रांगेत बसली. 1921 च्या पोलिश संविधानाने मात्र सगळ्याच पदव्या रद्द केल्या. त्यामुळे जॅकलीन केनेडीची बहीण ली हिने 1959 मध्ये स्तानिस्वाफ राद्झिविलशी लग्न केलं आणि अमेरिकन वर्तमानपत्रं तिला 'प्रिन्सेस' म्हणू लागली, तेव्हा पोलंडच्या कायद्यात तसं कुणी उरलंच नव्हतं.

आता बार्बरा. इथे दंतकथेत थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला मला अडचण नाही. बार्बरा राद्झिविल ही स्तानिस्लोवास गोश्ताउतासची विधवा. राजपुत्र झिग्मुंत आउगुस्त तिच्या प्रेमात पडला आणि 1547 मध्ये त्याने विल्नियसला तिच्याशी गुपचूप लग्न केलं. तो गादीवर आल्यावर गौप्यस्फोट झाला आणि गदारोळ उठला. आई बोना स्फोर्झा विरोधात, श्लाख्ता विरोधात; 1548 च्या सेयममध्ये, म्हणजे संसदेत, प्रतिनिधींनी गुडघे टेकून लग्न मोडायची विनवणी केली. राजा हलला नाही. 7 डिसेंबर 1550 ला क्राकुवमध्ये बार्बराला राज्याभिषेक झाला आणि 8 मे 1551 ला ती गेली. राणीपदाचा मुकुट पाच महिने. मूल नाही. तिच्या इच्छेप्रमाणे राजाने तिला विल्नियसला नेऊन पुरलं.

याने राद्झिविलांना फायदा झाला का? झाला. काळा मिकोवाय 1550 मध्ये चान्सलर आणि 1551 मध्ये विल्नियसचा वोयेवोदा झाला. लग्न पुढे रेटण्यात त्याचा आणि बार्बराचा भाऊ तांबडा मिकोवाय याचा हात होता, हेही खरं. पण 'नशीब फळफळलं' म्हणायला आधी ते कोमेजलेलं असावं लागतं. बार्बराचा बाप येझी राद्झिविल लिथुआनियाचा हेटमन, म्हणजे सरसेनापती होता. काळा मिकोवाय लग्नाच्या तीन वर्षं आधीच, 1544 मध्ये, ग्रँड डचीचा मार्शल झाला होता. काका आणि आजोबा दोघेही चान्सलर होऊन गेले होते. राजाने गरिबाघरची मुलगी उचलली नाही. देशातल्या पहिल्या दोन घराण्यांपैकी एकातली केली, जिचं पहिलं लग्न दुसऱ्या घराण्यात झालं होतं.

माझ्या मते खरी कलाटणी त्या दुसऱ्या घराण्यातच आहे, आणि तिच्यात प्रेमकथा नसल्यामुळे ती कुणी सांगत नाही. राद्झिविलांचे एकमेव तोलामोलाचे प्रतिस्पर्धी होते गोश्ताउतास. आल्बर्तास गोश्ताउतास चान्सलर आणि वोयेवोदा म्हणून सगळ्यांवर भारी होता. तो 1539 मध्ये गेला, आणि त्याचा मुलगा, बार्बराचा पहिला नवरा, 1542 मध्ये निपुत्रिक वारला. एवढं मोठं घराणं तीन वर्षांत संपलं. मैदान मोकळं झालं, तेव्हा राद्झिविलांकडे उभी करायला माणसं तयार होती. पुढचा हिशोब पाहा. विल्नियसचं वोयेवोदापद: 1551 पासून काळा, तो 1565 मध्ये वारल्यावर तांबडा, 1584 मध्ये तांबड्याचा मुलगा क्षिश्तोफ, आणि 1604 ते 1616 काळ्याचा मुलगा मिकोवाय क्षिश्तोफ. बार्बरा जाऊन साठ वर्षं झाली तरी लिथुआनियातली पहिली खुर्ची घरातच. मेलेल्या बहिणीवरच्या राजाच्या प्रेमातून एवढं निघत नाही, झिग्मुंत आउगुस्त तर स्वतः 1572 मध्ये गेला होता.

'पोलिश घराणं' या शब्दांवर फार भांडण्यात अर्थ नाही. 17व्या शतकात ते घरात पोलिश बोलत होते आणि स्वतःला पोलंड-लिथुआनियाच्या एकत्रित राष्ट्रकुलाचे सरदार समजत होते. पण 1569 मध्ये ल्यूब्लिनला पोलंडशी पक्कं एकीकरण ठरायला लागलं, तेव्हा तांबडा मिकोवाय लिथुआनियन मंडळींना घेऊन बैठक सोडून निघून गेला. 1655 मध्ये यानुश राद्झिविलने केदाइनियाई इथे स्वीडनशी करार करून पोलंडशी नातंच तोडलं. पोलिश स्मृतीत तो द्रोही आहे. राद्झिविलांचा मुख्य वाडा नेस्विझ आज बेलारूसमध्ये आहे, बिर्झाई लिथुआनियात, ओलिका युक्रेनमध्ये. एका देशाचा शिक्का मारायचाच असेल तर तो लिथुआनियाच्या ग्रँड डचीचा, आणि तो देश आता नकाशावर नाही.

राहता राहिली जमीन, ती टिकवली कशी? 1586 मध्ये काळ्याच्या तीन मुलांनी करार केला: नेस्विझ, ओलिका आणि क्लेत्स्क या तीन जहागिरी कधी वाटायच्या नाहीत, मोडायच्या नाहीत, पुरुष वारसाकडेच जातील. 1589 मध्ये सेयमने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शेजारची घराणी भावाभावांत तुकडे करत बारीक होत असताना यांची मिळकत अखंड राहिली. आणि मिळाली कशी? बरीचशी हुंड्यात. नेस्विझ मुळात किश्का घराण्याचं. आन्ना किश्का काळ्याची आई.

यातलं सगळ्यात नाट्यमय प्रकरण स्लुत्स्कचं. स्लुत्स्कचे ओलेल्कोविच हे खरे प्रिन्स, थेट गेदिमिनासच्या वंशातले. सन 1600 ला त्या वंशात एक मुलगी उरली होती, सोफिया. पालकत्व खोतकेविच घराण्याकडे होतं, आणि तांबड्याच्या नातवाशी, यानुशशी (1655 चा यानुश वेगळा), तिचं लग्न ठरलेलं होतं. पैशांवरून आणि जमिनीवरून बिनसलं. खोतकेविचांनी विल्नियसमधला आपला वाडा लढाईसाठी सज्ज केला, राद्झिविलांनी फौजा जमवल्या. भर शहरात यादवी पेटायची ती थोडक्यात टळली. त्याच वर्षी लग्न लागलं. सोफियाची मुलं जगली नाहीत आणि 1612 मध्ये ती स्वतःही गेली. बेलारूसमधले ऑर्थोडॉक्स भाविक आज तिला संत मानतात. स्लुत्स्क यानुशकडे राहिलं आणि पुढे त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाकडे, बोगुस्वाफकडे गेलं. लोखंडी लांडग्याचं स्वप्न ज्याला पडलं त्याच्या वंशजांची जहागीर अशी स्वप्नाचा अर्थ सांगणाऱ्याच्या तथाकथित वंशजांकडे आली, तीही अशा मुलाच्या हातात जो सोफियाच्या पोटचा नव्हताच.