बाबा, जरा छत्री धरा

पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला धबधबा दाखवायला नेऊ नये. पाणी पडताना दिसलं की बाकीचे 'अहाहा' म्हणतात, माझ्या तोंडून 'दीडशे क्यूसेक असेल' असं निघतं. हे पक्कं माहीत असूनही आमची सून मुग्धा दर पावसाळ्यात मला धबधब्यांवर नेते. तिला माझ्या रसिकतेचं काही घेणंदेणं नाही, तिला माझी उंची हवी असते. चिरंजीव उंचीच्या बाबतीत आईवर गेलेत, आणि शनिवार-रविवारी नेमके त्यांचे परदेशातले साहेब जागे असतात. त्यामुळे छत्री उंच धरणारा माणूस घरात एकच उरतो.

मुग्धा डोंगर, दऱ्या आणि धबधबे यांचे फोटो काढते. माणसांचे काढत नाही. लग्नाला गेली तरी मांडवामागच्या डोंगराचा काढते.

छत्री धरणं हे काम बाहेरून सोपं वाटतं. पण तिच्याकडे एक अतिरुंद भिंग आहे. त्यातून समोरचा डोंगर आहे त्याहून लांब दिसतो आणि शेजारची छत्री आहे त्याहून जवळ. म्हणजे छत्री कॅमेऱ्यावर हवी, पण फोटोत नको. त्यात पाऊस सह्याद्रीचा, म्हणजे आडवा. मग सूचना सुरू होतात. "बाबा, काडी येतेय." "बाबा, आता बोट येतंय." "बाबा, प्लीज तिकडे तोंड करून श्वास घ्या ना, काचेवर वाफ धरतेय." पुराच्या रात्री धरणाचे दरवाजे उघडताना कार्यकारी अभियंता फोनवर असायचे, त्यांनीही मला श्वास कुठल्या दिशेने घ्यायचा हे कधी सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्याची बडदास्त मात्र बघण्यासारखी असते. त्याला हॉटेलातून आणलेली आंघोळीची टोपी, वर खास रेनकोट, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या आणि पुसायला मऊ फडकी. दमट हवेत भिंगाला आतून बुरशी धरते आणि मग ते कामातून जातं, म्हणून घरीसुद्धा त्याच्यासाठी वेगळं कोरडं कपाट घेतलंय. माझे पाय संध्याकाळपर्यंत पांढरेफटक होऊन सुरकुततात, त्यावर मुग्धाची प्रेमळ प्रतिक्रिया ठरलेली आहे : "बाबा, ते वाळतात."

भंडारदऱ्याला गेलो तेव्हा मला वाटलं, इथे आपला शब्द चालेल. प्रवरेवरचं विल्सन धरण म्हणजे आमच्या खात्याचं तीर्थक्षेत्र. १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं दगडी बांधकाम, साठवण ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. हा आकडा मला मुलाच्या जन्मतारखेपेक्षा चटकन आठवतो, यावरून आमच्या घरात एकदा दोन दिवस अबोला झालाय. तिथला अंब्रेला फॉल प्रसिद्ध आहे. धरणातून सोडलेलं पाणी गोल खडकावर पडून चहूकडे पसरतं आणि छत्रीचा आकार होतो. मुग्धा तिपाई लावत म्हणाली, "निसर्ग कसला कलाकार आहे ना, बाबा!" मी म्हटलं, "खडक निसर्गाचा. पाणी शेतीच्या आवर्तनाचं आहे. मोरी बंद केली की कलाकार घरी जातो."

ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी मला कणीस मिळालं नाही.

खरी पंचाईत झाली ती रंधा धबधब्यापाशी. तिथे मला कळलं की या लोकांना पडणारं पाणी पडताना नको असतं. भिंगापुढे एक काळी काच लावायची, एनडी फिल्टर म्हणतात तिला. त्यातली जी जाड असते ती हजारात एक भाग उजेड आत सोडते. आधी एवढ्या महागाचं भिंग घ्यायचं, तेही जास्त उजेड आत घेतं म्हणून, आणि मग त्याच्यापुढे काळोख स्क्रूने बसवायचा. उजेड कमी झाला की कॅमेऱ्याची झडप एक-दोन सेकंद उघडी ठेवता येते, तेवढ्यात पाणी हलतं, आणि फोटोत पिंजलेला कापूस येतो. खडक मात्र तिपाईच्या कृपेने जागच्या जागी, रेखीव.

मी तिथल्या तिथे हिशेब केला. विसर्ग पाच हजार क्यूसेक, म्हणजे सेकंदाला पाच हजार घनफूट धरला, तर दोन सेकंदांत दहा हजार घनफूट पाणी जातं. म्हणजे दोन लाख ऐंशी हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरा : एका फोटोत अठ्ठावीस टँकर! उन्हाळ्यात एक टँकर मिळवायला सरपंचाला किती खेपा घालाव्या लागतात ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय. आणि ही बाई म्हणते, "छे, थोडं जास्तच कापूस झालं, परत काढते." आणखी अठ्ठावीस टँकर.

या छंदात हवामान कधीच बरोबर नसतं. आपल्याला वाटतं, पाऊस थांबला, ऊन पडलं, आता छान फोटो येईल. तसं नसतं. उन्हात पाणी पांढरंफेक होऊन जळतं, ओले खडक चमकतात. म्हणून ढगाची वाट बघायची. ढग आला की तो खाली उतरतो आणि धबधबाच गायब होतो. मग उन्हाची वाट बघायची. ऊन आणि ढग यांचं जमलंच, तर पिवळा पोंचो घातलेला एक गृहस्थ नेमका धबधब्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहतो आणि व्हिडिओ कॉलवर सासुरवाडीला पाणी दाखवतो. रानावनातला म्हणून जो निर्मनुष्य फोटो तुम्ही पाहता ना, त्याच्या चारही कडांना एकदा चार-चार फूट वाढवून बघा. डावीकडे मॅगी, उजवीकडे भाजलेली कणसं, खाली चपला आणि वरच्या कोपऱ्यात छत्री घेतलेला एक निवृत्त शाखा अभियंता.

पिवळ्या पोंचोंना हटवण्याचं कामही माझ्याकडेच असतं. मुग्धा म्हणते, "तुमचं वय बघून ऐकतात." मी जाऊन गंभीर आवाजात म्हणतो, "वरून पाणी सोडणारेत." चालतं. सह्याद्रीतल्या निम्म्या धबधब्यांच्या वर धरण नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नाणेघाटात मात्र माझाच आवाज बसला. सातवाहनांच्या काळातला घाट. गुहेत ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा लेख, वाटेवर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी इथे टोल होता आणि रस्ता अजून टिकलाय, हे बघून मी भारावलो होतो. मुग्धाला त्याचं काही नव्हतं. तिला उलटा धबधबा हवा होता. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा सरळ कड्यावर आदळतो, त्याला जायला जागा एकच, ती म्हणजे वर. मग कड्यावरून खाली पडायला निघालेलं पाणी तो उचलतो आणि परत पठारावर आणून टाकतो. मी ते पाहिलं आणि माझे पाय लटपटले. उभी हयात आम्ही उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलांच्या थकबाकीवर टिपणं लिहिली. इथे शेकडो फूट पाणी वर चढतंय; मोटर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, निविदा नाही!

ते वर चढलेलं पाणी येऊन पडत होतं भिंगावर. पुसायचं, एक फोटो काढायचा, पुन्हा पुसायचं. पाऊस खालून येत असताना छत्री कुठे धरायची, याचं उत्तर आमच्या कुठल्याच नियमपुस्तिकेत नव्हतं. छत्रीने स्वतःच निर्णय घेतला. ती उलटी झाली, तिच्या काड्या आकाशाकडे गेल्या, आणि मुग्धा ओरडली, "बाबा, सोडा ती! तसेच पुढे जा, त्या खडकापाशी उभे राहा! पाठ करून! स्केल कळू दे!"

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात. नोकरीभर मी पाण्यातल्या मोजपट्ट्या वाचल्या, आता मीच मोजपट्टी झालो. कडा केवढा मोठा हे कळण्यासाठी फोटोत एक माणूस लहान दिसावा लागतो, आणि लहान दिसण्याचा माझा अनुभव दांडगा. तो फोटो तिने पुढे कुठल्याशा प्रदर्शनात लावला. एक बाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "कसा एकरूप झालाय माणूस निसर्गाशी!" मी शेजारीच होतो. त्या फोटोत मी गुडघ्याची टोपी वर ओढत होतो.

हिवाळ्यात तरी सुटका होईल म्हटलं, तर हिवाळ्यात सांदण. साम्रद गावाजवळची ती अरुंद घळ. पावसाळ्यात तिच्यातून पाणी धावतं, तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. जायचं ते पाणी ओसरल्यावर. दोन्ही बाजूंना उभे कातळ, काही ठिकाणी हात पसरले तर भिंतींना टेकतील एवढीच वाट, आणि ऊन तळाला पोचतं ते भर दुपारी, जेमतेम. इथे कॅमेऱ्याची अडचण निराळी. वर आकाशाची पट्टी झगझगीत, खाली मिट्ट सावली. आकाश नीट आलं तर खालचं सगळं डांबर. खालचे दगड दिसले तर आकाश फाटकं. म्हणून एकाच जागी तीन फोटो काढायचे, कमी उजेडाचा, मधला आणि जास्तीचा, आणि घरी संगणकावर तिघांचं लग्न लावायचं. "स्केलसाठी" मी होतोच. "बाबा, तिन्ही होईपर्यंत अजिबात हलू नका." मी हललो नसतोही, पण कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभं केलेल्या माणसाला शिंक आवरता येत नाही. त्या फोटोत मला दोन डोकी आहेत. सौ.ने तो मुद्दाम मागून घेतला. म्हणाली, "निदान दुसऱ्याने तरी माझं ऐकलं असतं."

हरिश्चंद्रगडाला मी नाहीच म्हणणार होतो. पण मुग्धाने इंद्रवज्राची लालूच दाखवली. गडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा. सकाळी ऊन पाठीशी असावं, समोर दरी ढगाने भरलेली असावी, मग आपली सावली त्या ढगावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली त्याची नोंद करून ठेवली आहे. सरकारी अधिकाऱ्याची लेखी नोंद म्हटल्यावर मी विरघळलो. पायथ्याच्या पाचनईत मुक्काम केला, पहाटे अंधारात चढायला लागलो. या वेळी चिरंजीवही होते, कारण परदेशातल्या साहेबांना सुट्टी होती.

कड्यावर पोचलो तेव्हा दरी काठोकाठ भरलेली होती. (माझा अंदाज शंभर टक्के साठा.) मुग्धाने तिपाई लावली. बराच वेळ काही नाही. मग मागून ऊन आलं, आणि खाली ढगावर आमच्या तीन सावल्या पडल्या, आणि कडं उमटलं.

"दिसलं का बाबा? माझ्या डोक्याभोवती!" मुग्धा ओरडली.

"तुझ्या कुठे? माझ्या डोक्याभोवती आहे."

"काहीतरीच काय," चिरंजीव म्हणाले, "सरळ सरळ माझ्याभोवती दिसतंय."

वास्तविक तिघांचंही खरं होतं. ढगातल्या बारीक थेंबांवरून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत फिरतो, त्यामुळे ज्याला त्याला स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती ते वलय दिसतं. हे शास्त्र मी दोघांना समजावून सांगितलं, पण तोवर नवरा-बायकोचं जुंपलं होतं आणि मध्ये ऊन गेलं.

मुग्धाचा फोटो सुंदर आलाय. वलय अर्थात कॅमेऱ्याच्या सावलीभोवती. मी बाजूला, डोक्याभोवती काही नाही. सौ.ने तो पाहून एवढंच विचारलं, "तेज हिच्याभोवती, आणि हा शेजारचा खांब कसला?" पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. ऊन परत आलं होतं तेव्हा मी माझ्या मोबाइलवर एक काढून ठेवला होता. थोडा हललाय, एका कोपऱ्यात अंगठा आहे, पण वलय बरोबर माझ्याच डोक्याभोवती. मुग्धा म्हणाली, "एक्स्पोजर गंडलंय, पण असू दे." मी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला.

साताऱ्याहून धाकट्या भावाचं उत्तर आलं : "दादा, मोबाइल पुसून घे. काचेवर गोल डाग पडलाय."